साठीनंतरचे एकवीस किलोमीटर

आमच्या लहानपणी धावणे हा मुलांचा, चोरांचा आणि गिरणीकामगारांचा प्रांत होता. मुले खेळासाठी धावत, चोर जिवासाठी आणि कामगार भोंग्यासाठी. पांढरपेशा मनुष्य धावलाच तर लोकल पकडण्यापुरता. आणि ती सुटली की आपण धावत नव्हतोच असा चेहरा करून फलाटावरच्या वजनकाट्यापाशी उभा राही. साठी उलटलेल्याने तर नातवंडाचे बोट धरून देवळात जाऊन यावे आणि कट्ट्यावर बसून तब्येतीच्या तक्रारी कराव्यात, असा सर्वमान्य संकेत होता.

हा संकेत आमच्या मामांनी मोडला, तेव्हा घरात मोठीच खळबळ उडाली. मामा लालबागचे. तरुणपणी गिरणीत बदली कामगार. १८ जानेवारी १९८२ रोजी कापड गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. त्या संपाने अडीच लाखांच्या आसपास कामगारांचा संसार उसवला. मामांना गिरणीचे फाटक पुन्हा उघडले नाही. पुढे एका कचेरीत शिपायाची नोकरी करून ते २०१८ मध्ये निवृत्त झाले, आणि वर्षभरात रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, "चाला." मामा पहिल्या बसने शिवाजी पार्कवर जाऊ लागले.

शिवाजी पार्कचा कट्टा वाचकांच्या परिचयाचा आहेच. त्याची एक फेरी सव्वा किलोमीटरला थोडी कमी भरते. त्या फेरीवर पहाटे साडेपाचला काही मंडळी जमतात. त्यांत बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब आहेत, दादरचे एक औषधविक्रेते आहेत आणि चर्नी रोडहून गाडी पकडून येणाऱ्या, बहात्तर वर्षांच्या, गिरगावच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. या मंडळींनी मामांना आधी दिव्याच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत धावायला लावले, मग चालायला, मग पुन्हा धावायला. पाच वर्षांनी मामा म्हणाले, "यंदा अर्धी मॅरेथॉन!"

अर्धी मॅरेथॉन म्हणजे २१ किलोमीटर आणि वर जवळजवळ १०० मीटर. पुरी मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. हा विचित्र आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधून आला आणि पुढे तोच कायम झाला. आपल्या मराठी मुलखाचा या शर्यतीशी संबंध शंभर वर्षांहून जुना आहे. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची मुले सर दोराबजी टाटांनी पाहिली आणि त्यांचा वेग पाहून ते थक्क झाले. त्यांच्याच पुढाकाराने दुसऱ्या वर्षी हिंदुस्थानचे खेळाडू अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले. त्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले. वेळ लागला दोन तास पन्नास मिनिटे आणि पंचेचाळीस सेकंद. मुंबईची हल्लीची मॅरेथॉन २००४ पासून भरते, आणि २०१८ पासून तिला टाटांचेच नाव आहे. योगायोग म्हणावा तर असा!

परंतु चौगुले तरुण होते, आणि मामा सदुसष्ट वर्षांचे. उतारवयात शरीराचा हिशेब निराळा असतो. हृदयाचा जास्तीत जास्त ठोका वयाबरोबर कमी होतो, आणि तो कितीही सरावाने परत येत नाही. स्नायू झिजतात, आणि तहान लागल्याची जाणीवही मंदावते. म्हणून म्हाताऱ्या धावपटूने तहान लागायची वाट न पाहता घोटघोट पाणी प्यावे. मात्र दुसरी बाजूही आहे. १९८४ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी धावणाऱ्यांच्या क्लबातले पन्नाशी गाठलेले ५३८ सभासद निवडले आणि त्यांच्या तुलनेला ४२३ इतर माणसे घेतली. १९ वर्षांनी पाहिले, तेव्हा इतरांपैकी ३४ टक्के वारले होते आणि धावणाऱ्यांपैकी १५ टक्के. धावणाऱ्यांना परावलंबनही कितीतरी उशिरा आले. मुळात धडधाकट असतात तेच धावायला जातात, हे खरे. तो फरक वजा धरूनही धावणाऱ्यांचे पारडे जडच राहिले.

हे सारे मी मामीला समजावून सांगितले. ती म्हणाली, "त्या पंधरा टक्क्यांतही कुणाचे तरी नवरे होतेच ना?" मराठीच्या अध्यापकाला यावर उत्तर सुचले नाही.

तिच्या भीतीला कारण होते. डिसेंबरात सराव करताना मामांना घेरी आली होती. साखरेची गोळी घेऊन, पोटात काही न टाकता हे पंधरा किलोमीटर धावले होते. डॉक्टरांनी हृदयाची तपासणी केली, गोळीची वेळ बदलली आणि अटींवर परवानगी दिली. अटी अशा: खाऊन निघायचे, खिशात साखर ठेवायची, धावताना शेजारच्याशी बोलता येईल एवढाच वेग ठेवायचा आणि डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबायचे. मामीने परवानगी दिली नाही आणि नाकारलीही नाही. ती नुसती गप्प झाली. संसारात याहून कडक नोटीस नसते.

१९ जानेवारी २०२५, रविवार. संपाच्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी, त्रेचाळीस वर्षांनी, पहाटे पाचच्या सुमाराला मामा माहीमच्या रेती बंदरावरून निघाले. सागरी सेतू, वरळी, हाजी अली, मग पेडर रोडची चढण, मग गिरगाव चौपाटी, मरीन ड्राइव्ह आणि शेवट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपाशी, असा मार्ग. मामी आणि मी चौपाटीवर उभे राहिलो. तिथून चार-पाच किलोमीटर उरतात.

साडेसातपर्यंत येतो, असे मामा म्हणाले होते. मोबाइलवर त्यांचा क्रमांक घातला की ते कुठवर आले ते दिसे. वरळी दिसले, पुढे काहीच नाही. पावणेआठ झाले. रस्त्यावरून माणसांचा लोंढा चालला होता. कुणी ढोल वाजवीत होते, कुणी संत्र्याच्या फोडी वाटीत होते. मामी प्रत्येक पांढऱ्या डोक्याकडे पाही आणि पुन्हा पदराशी चाळा करी. लांबून रुग्णवाहिकेचा आवाज आला, तेव्हा तिने माझे मनगट असे धरले की दुसऱ्या दिवशीपर्यंत वळ होता.

इतक्यात गिरगावच्या बाई दिसल्या. आम्हांला ओळखून त्या रस्ता सोडून कठड्यापाशी आल्या.

"वहिनी, घाबरू नका. पेडर रोडला पोटरीत गोळा आलाय त्यांच्या. मी चोळून दिलं. चालत येताहेत. डोकं शाबूत आहे. मला वाद घालत होते."

एवढे सांगून त्या पुढे पळाल्या. या शर्यतीत वयोगटाप्रमाणे बक्षिसे असतात आणि बाई आपल्या गटात पुढे होत्या, हे मला नंतर कळले. चढणीवर आणि कठड्यापाशी गेलेल्या मिनिटांचा हिशेब त्यांनी कुणाला सांगितला नाही.

आठला पाच कमी असताना मामा आले. एक पाय ओढत, चेहरा मीठ सांडल्यासारखा पांढरा. मामीला पाहताच थांबले आणि अपराध्यासारखे म्हणाले, "तू म्हणशील तर इथेच सोडतो."

मामीने त्यांचे कपाळ पदराने पुसले, "चक्कर येतेय?" म्हणून दोनदा विचारले आणि त्यांच्या डोळ्यांत निरखून पाहिले. मग पिशवीतून डबा काढला. संक्रांत होऊन पाचच दिवस झाले होते. तिळगुळाची वडी त्यांच्या तोंडात घालीत ती म्हणाली, "अहो, गिरणीचं फाटक त्यांनी बंद केलं होतं. इथलं तुम्ही आपल्या हातानं कशाला बंद करता? चालत जा, पळालात तर बघा!"

मामा चालत गेले. वेळ बराच लागला. शेवटच्या शंभर पावलांत ते पळाले, हे मी पाहिले. मामीला अद्याप सांगितलेले नाही.

मामांना मी एकदा विचारले की या वयात हा खटाटोप कशाला. ते म्हणाले, "पोरा, पूर्वी धावलो ते भोंग्याला उशीर होईल म्हणून. उशीर झाला तरी चालेल असं धावणं मला साठीनंतर मिळालं."

हल्ली शिवाजी पार्कवर पहिल्या बसने दोघेही जातात. मामी एक फेरी चालते, तीही गिरगावच्या बाईंशी गप्पा मारीत. त्या फेरीत मामांना तिच्या पुढे जाण्याची परवानगी नाही.