पोलीस दलातील नागरी कर्मचारी

पोलीस खात्याच्या पगारी सेवेत असलेल्या, परंतु पोलिसाची शपथ आणि तिच्याबरोबर येणारे अटकेचे, झडतीचे व बळाच्या वापराचे पूर्ण अधिकार नसलेल्या सेवकवर्गास नागरी कर्मचारी असे म्हणतात. लिपिक, लेखापाल, अभिलेखपाल, दूरध्वनी व बिनतारी संदेशवहनाचे कर्मचारी, अंगुलिमुद्रातज्ज्ञ, रसायनतज्ज्ञ, गुन्हेविश्लेषक, संगणकतज्ज्ञ, वाहनदुरुस्ती करणारे कारागीर इत्यादींचा यात समावेश होतो. गृहरक्षक दलासारख्या स्वयंसेवी संघटना या वर्गात मोडत नाहीत. एखाद्या कामाला पोलिसाचे अधिकार खरोखर लागतात काय, हा या व्यवस्थेमागील मूलभूत प्रश्न आहे. ते लागत नसतील, तर त्या कामी प्रशिक्षित पोलीस गुंतवणे म्हणजे तेवढे संख्याबळ गस्त व तपास यांपासून दूर ठेवणे होय.

ऐतिहासिक आढावा : आधुनिक शहर पोलीस दलाचा प्रारंभ लंडनमध्ये १८२९ साली रॉबर्ट पील याने केलेल्या कायद्याने झाला. त्याच कायद्याने दलाचा जमाखर्च व मालमत्ता पाहण्यासाठी ‘रिसीव्हर’ हे स्वतंत्र पद निर्माण केले आणि त्यावर जॉन रे या कायदेपंडिताची नेमणूक झाली. म्हणजे पोलीस दल आणि त्यातील नागरी प्रशासन यांचा जन्म एकाच वेळी झाला. हे पद २००० सालापर्यंत टिकून होते. पुढे नागरी सेवकांचे क्षेत्र कचेरीबाहेरही विस्तारले. १९६० मध्ये लंडनच्या रस्त्यांवर वाहनतळाचे नियम राबविणारे वाहतूक रक्षक आले. पोलीस सुधारणा अधिनियम, २००२ अन्वये समाज साहाय्य अधिकारी हा गणवेशधारी नागरी वर्ग निर्माण झाला. त्याला अटकेचा पोलिसी अधिकार नाही; मात्र विवक्षित प्रसंगी पोलीस येईपर्यंत एखाद्या व्यक्तीस ३० मिनिटे थांबवून ठेवता येते.

अमेरिकेत १९६७ साली राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या गुन्हेविषयक आयोगाने पोलिसी कामाची तीन स्तरांत विभागणी सुचविली. त्यांपैकी ‘समाजसेवा अधिकारी’ हा स्तर पूर्ण अधिकार नसलेल्या तरुण सेवकांचा असावा, अशी त्याची कल्पना होती. १९६८ पासून ९११ हा आपत्कालीन दूरध्वनी क्रमांक प्रचारात आला आणि दूरध्वनी घेण्याचे काम शहरोशहरी वाढून ते मोठ्या प्रमाणावर नागरी सेवकांकडे गेले. २०१९ मध्ये अमेरिकेतील कायदा अंमलबजावणी संस्थांच्या पूर्णवेळ सेवकांपैकी सुमारे ३० टक्के नागरी होते. शहरांच्या पोलीस खात्यांत हे प्रमाण याहून कमी आढळते.

न्यूयॉर्कचा अनुभव : न्यूयॉर्क शहराच्या पोलीस खात्यात ३० हजारांहून अधिक शपथबद्ध पोलीस आणि १५ हजारांहून अधिक नागरी कर्मचारी आहेत. १९७५ च्या आर्थिक संकटात या शहराने सुमारे ५,००० पोलिसांना कामावरून कमी केले. त्यानंतर उरलेले पोलीस रस्त्यावर ठेवण्याची निकड अधिकच तीव्र झाली. वाहतूक नियमनाचे नागरी सेवक १९९६ मध्ये आणि शाळांचे सुरक्षा सेवक १९९८ मध्ये या खात्यात सामील करण्यात आले. तथापि शारीरिक दृष्ट्या पूर्ण सक्षम पोलीस कारकुनी कामावर असल्याचे लेखापरीक्षणांतून पुढेही दिसून आले. नागरी पदे मंजूर करणे आणि पोलिसांना टेबलावरून हलविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यावरून स्पष्ट होते.

लाभ व मर्यादा : नागरी सेवकाचे प्रशिक्षण सामान्यतः अल्पावधीचे असते आणि त्याच्यावरील खर्च कमी असतो. शिवाय रसायनशास्त्र, लेखापरीक्षा वा संगणकशास्त्र यांतील तज्ज्ञ पोलीस भरतीच्या उंची-छातीच्या अटींतून मिळतीलच असे नाही. पोलिसांच्या बदल्या होत राहतात, तर नागरी सेवक एका शाखेत दीर्घकाळ राहून अभिलेखांची परंपरा सांभाळतो.

मात्र ‘साहाय्यक’ या शब्दावरून त्याचे काम दुय्यम आहे, असा समज होणे घातक ठरते. संकटातील नागरिकाला ऐकू येणारा पोलीस खात्याचा पहिला आवाज पुष्कळदा नागरी सेवकाचाच असतो. क्लीव्हलंड (ओहायओ) शहरात २२ नोव्हेंबर २०१४ रोजी उद्यानात कोणीतरी पिस्तूल रोखत असल्याचा दूरध्वनी आला. पिस्तूल बहुधा खोटे आहे आणि ते हाताळणारा बहुधा अल्पवयीन आहे, असेही दूरध्वनी करणाऱ्याने सांगितले होते. परंतु दूरध्वनी घेणाऱ्या सेविकेकडून हे दोन तपशील पुढे गेले नाहीत. घटनास्थळी पोहोचताच काही क्षणांत पोलिसाने झाडलेल्या गोळीने तामीर राइस हा १२ वर्षांचा मुलगा जबर जखमी झाला व दुसऱ्या दिवशी मरण पावला. त्याच्याजवळचे पिस्तूल खेळण्यातले होते. गोळीबाराची जबाबदारी वेगळी. तथापि नोंद घेणाऱ्याच्या प्रशिक्षणावर आणि देखरेखीवर माणसाचे प्राण अवलंबून असतात, हे या घटनेने दाखवून दिले.

या व्यवस्थेवर इतरही आक्षेप घेतले जातात. कचेरीतील सर्व पदे नागरी केल्यास जखमी वा आजारी पोलिसांसाठी हलकी कामे उरत नाहीत. इंग्लंडमध्ये पोलिसांना संपाची मनाई आहे, नागरी सेवकांना ती नाही. गोपनीय माहिती हाताळणाऱ्यांची चारित्र्यपडताळणी पोलिसांइतकीच काटेकोर असावी लागते. बढतीच्या संधी नसल्यास अनुभवी माणसे सेवा सोडून जातात. आर्थिक काटकसरीत पहिली कुऱ्हाड सहसा याच वर्गावर कोसळते. इंग्लंड व वेल्समध्ये समाज साहाय्य अधिकाऱ्यांची संख्या २०१० साली सुमारे १७,००० होती. ती २०१९ पर्यंत १०,००० च्या खाली आली. अशा कपातीनंतर रिकाम्या मेजांवर पुन्हा पोलीसच बसतात. कागदावर पोलिसांची संख्या कायम राहते, पण रस्त्यावर ती घटलेली असते.

भारतातील स्थिती : भारतात पोलीस हा राज्यसूचीतील विषय आहे. महाराष्ट्रात पोलीस आयुक्तालये व अधीक्षक कार्यालये यांतील आस्थापना, लेखा व पत्रव्यवहाराची कामे लिपिकवर्गीय कर्मचारी पाहतात. पोलीस ठाण्याच्या पातळीवर मात्र चित्र वेगळे आहे. तेथे बारनिशी, मुद्देमाल, हजेरी, गुन्ह्यांच्या नोंदी व संगणकावर माहिती भरणे ही कामे बहुतांशी हवालदार व शिपाईच करतात. तपासी अधिकाऱ्याचा लेखनिक, म्हणजे ‘रायटर’, हाही पोलीसच असतो. यांपैकी जबाब नोंदविणे व मुद्देमाल ताब्यात घेणे ही कामे कायद्याशी निगडित असल्याने पोलिसांकडेच राहणे इष्ट होय. परंतु टपाल, हजेरी वा पगारपत्रक यांना खाकी गणवेशाची आवश्यकता नाही.

न्यायसाहाय्यक प्रयोगशाळांतील शास्त्रज्ञ हा भारतातील नागरी साहाय्याचा महत्त्वाचा घटक आहे. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसाहाय्यक तज्ज्ञाची घटनास्थळास भेट अनिवार्य केली असून अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत दिली आहे. त्यामुळे या वर्गाची गरज वाढली आहे.

कोलकात्यातील अनुभव याउलट सावध करणारा आहे. पश्चिम बंगालमध्ये वाहतूक व गर्दी यांच्या नियमनासाठी तुटपुंज्या मानधनावर नेमलेल्या नागरी स्वयंसेवकांपैकी एकास, ऑगस्ट २०२४ मध्ये शहरातील एका शासकीय रुग्णालयात झालेल्या महिला डॉक्टरवरील बलात्कार व खून प्रकरणी, जानेवारी २०२५ मध्ये जन्मठेपेची शिक्षा झाली. मध्यंतरी सर्वोच्च न्यायालयाने या स्वयंसेवकांच्या भरतीची पद्धत, पात्रता व पडताळणी यांबाबत राज्य शासनाकडे विचारणा केली होती. अधिकार नसले, तरी पोलिसांच्या नावाचा वचक अशा व्यक्तीस लाभतो. म्हणूनच पडताळणीविना केलेली स्वस्त भरती धोक्याची ठरते.

सारांश, नागरी कर्मचारी हे पोलिसांचे स्वस्त पर्याय नव्हेत. ते वेगळ्या कौशल्याचे सहकारी होत. प्रत्येक पदाच्या कामाचे पृथक्करण करून अधिकारसापेक्ष कामे पोलिसांकडे ठेवणे, उरलेल्यांसाठी कायम स्वरूपाची पदे, योग्य प्रशिक्षण व बढतीचा मार्ग निर्माण करणे आणि मोकळे झालेले पोलीस प्रत्यक्ष गस्तीवर व तपासावर गेले की नाहीत हे वेळोवेळी तपासणे, या तीन गोष्टींवर या व्यवस्थेचे यश अवलंबून असते.