पर्समध्ये किती उरले?

मिरचीची बोली ऐकत जी नंदुरबारात लहानाची मोठी झाली, तीच माणसं क्रिकेटच्या लिलावात पहिल्या अर्ध्या तासात हात रिकामे करून बसतात. हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

कापसाची वेचणी सरत आली की आमच्याकडे टेनिस बॉलच्या स्पर्धांचे फलक लागतात. त्याआधी एखाद्या हॉलमध्ये खेळाडूंचा लिलाव होतो. पैसा खरा नसतो, पॉइंट असतात. एका टीममालकाच्या शेजारी वही घेऊन बसायचं काम माझ्याकडे. नियम असा: टीमला 10,000 पॉइंट, 15 खेळाडू घ्यायचेच, प्रत्येकाची बेस प्राईस 200.

वहीत मी प्रत्येक टीमपुढे एकच आकडा लिहीत जातो: आता जास्तीत जास्त किती बोलता येईल. समजा सहा जण घेऊन झाले आणि 3,600 उरले. अजून नऊ हवेत. त्यातल्या आठांसाठी 1,600 बाजूला ठेवावेच लागतात, म्हणजे पुढच्या खेळाडूवर मर्यादा 2,000 ची. स्वतःचा हा आकडा बहुतेकांना ठाऊक असतो. समोरच्या टेबलाचाही माहीत असला, तर तो थांबणार कुठे हे आधीच कळतं. मग आपण एक टप्पा वर गेलो की खेळाडू आपला.

सगळ्यात जास्त आरडाओरडा होतो तो सिक्स मारणाऱ्यांवर. त्यांचे व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलमध्ये असतात ना! पण हिशेब मांडून पाहा. सामना आठ ओव्हरचा, म्हणजे 48 बॉल. एका बॉलरला दोनच ओव्हर, तेव्हा चार बॉलर लागणारच. बॅटिंग मात्र बहुतेक वेळा पाचव्या नंबरपर्यंतच पोचते. म्हणून माझं मत ठाम आहे: मोठी रक्कम घालायची ती दोन ओव्हर टाकून वरच्या चारात खेळणाऱ्या ऑलराउंडरवर आणि शेवटची ओव्हर टाकण्याची छाती असलेल्या बॉलरवर. बाराव्यापासून पुढची नावं 200 लाच घ्यायची. तिथे जास्त मोजणं म्हणजे निव्वळ हौस.

ऑक्टोबर 2024 मध्ये हॉकी इंडिया लीगचा लिलाव दिल्लीत झाला, तिथेही गणित हेच होतं. पुरुषांच्या टीमला 4 कोटींची पर्स, खेळाडू 24. पंजाबच्या सूरमा हॉकी क्लबने हरमनप्रीत सिंगवर 78 लाख लावले, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा एकट्यावर. उरलेल्या तेवीस जणांच्या वाट्याला सरासरी 14 लाख. पण पेनल्टी कॉर्नरवर हमखास गोल करणारा ड्रॅगफ्लिकर दुसरा आणणार कुठून? तो खर्च मला पटतो.

मोबाईलवरच्या फँटसी टीमपेक्षा हा लिलावाचा खेळ वेगळा. तिथे खेळाडूची किंमत आधीच ठरलेली, आणि एकच खेळाडू लाखो जणांच्या टीममध्ये असू शकतो. ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्यानंतर तिथले पैशांचे डाव बंद झाले. लिलावात खेळाडू एकच, आणि त्याची किंमत शेजारचा टेबलवाला ठरवतो. म्हणून काही जण मुद्दाम बोली चढवतात, दुसऱ्याची पर्स रिकामी व्हावी म्हणून. समोरचा "राहू दे भो" म्हणून हात खाली घेतो आणि नको असलेला खेळाडू यांच्याच गळ्यात पडतो. असं झालं की अख्खा हॉल हसतो.

चांगला माल शेवटी स्वस्त मिळतो, हे खरं. सगळ्यांच्या पर्स आटल्यावर बरा विकेटकीपरही 200 ला येतो. पण सगळेच थांबून राहिले तर शेवटी तोच 1,500 ला जातो. मी दोनेक खेळाडूंपुरतीच रक्कम मागे ठेवायला सांगतो.

एक गोष्ट मात्र कुठल्याच फॉर्मवर नसते. आमची कितीतरी पोरं सुरतला कामाला असतात. लिलावात सर्वात महाग गेलेला बॉलर ऐन सामन्याच्या दिवशी शिफ्टमध्ये अडकतो आणि त्याच्या जागी 200 वाला उतरतो. पुढच्या हंगामात टीम घेणार असाल, तर खेळाडूंच्या यादीत रन आणि विकेटच्या शेजारी आणखी एक रकाना आखा: सुट्टी कधी मिळते? आणि तो भरण्यासाठी लिलावाच्या आदल्या दिवशी प्रत्येकाला फोन करा.