बाटली मसाला: गैरसमज आणि वस्तुस्थिती

होळी उलटली की वसईच्या ख्रिस्ती घरांत मिरच्यांना ऊन दाखवायची लगबग सुरू होते. देठ खुडायचे, एकेक जिन्नस वेगळा भाजायचा, सगळे कुटून चाळायचे आणि पाऊस लागण्याआधी बिअरच्या रिकाम्या बाटल्यांत ठासून भरायचे. वीस-पंचवीस जिन्नसांच्या या मसाल्याचे प्रमाण घरागणिक बदलते. त्याच्याविषयीचे समज मात्र सगळीकडे सारखेच आढळतात.

गैरसमज: हा पोर्तुगीजांनी आणलेला मसाला आहे.
वस्तुस्थिती: वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती आणि मूळची अमेरिकेतली मिरची त्यांच्याच जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरली, एवढे खरे. पण धणे, जिरे, हळद, मिरी, तीळ, नागकेशर हे जिन्नस इथे त्याआधीपासून वापरात होते. त्यांत भाजलेले गहू-चणेही पडतात, म्हणून रस्सा दाट होतो.

गैरसमज: जितका लाल, तितका तिखट.
वस्तुस्थिती: रंग आणि तिखटपणा देणारी द्रव्ये वेगवेगळी असतात. लाली कॅप्सँथिनची, तर जाळ कॅप्सायसिनचा. म्हणून काश्मिरी मिरचीचा मसाला लालभडक असूनही सोसवतो. खरे तिखट बियांत नसून बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढऱ्या भागात असते.

गैरसमज: बाटली म्हणजे नुसती जुनी हौस.
वस्तुस्थिती: उजेड, हवा आणि दमट हवामान हे मसाल्याचे शत्रू. तपकिरी काच उजेड अडवते, अरुंद तोंडातून हवा कमी शिरते आणि ठासून भरल्याने आतही ती फारशी उरत नाही. ओला चमचा घातला, तर मात्र बाटलीचा काही उपयोग नाही.

गैरसमज: मसाल्याने अल्सर होतो.
वस्तुस्थिती: बहुतेक अल्सरचे मूळ हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू किंवा वेदनाशामक गोळ्यांचा अतिवापर असतो. या जिवाणूच्या शोधासाठी बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चे नोबेल मिळाले. आधीच अल्सर किंवा आम्लपित्त असेल, तर तिखटाने त्रास वाढू शकतो.

गैरसमज: हळद-मिरी आहे, म्हणजे हे औषधच.
वस्तुस्थिती: हळदीत कर्क्युमिन वजनाच्या सुमारे तीन टक्केच असते. मिरी आणि तेलामुळे ते जास्त शोषले जाते, पण वाटीभर रश्श्यातून पोटात जाते ते काही मिलिग्रॅम. प्रयोगांतले डोस शेकडो मिलिग्रॅमचे असतात. ही कसर गोळ्यांनी भरून काढू नये, कारण अशा गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि पित्ताशयात खडे असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊच नयेत.

मसाल्याचा रोजचा फायदा साधा आहे: चव भरपूर असली की मीठ थोडे कमी पडले तरी जेवण अळणी लागत नाही. रक्तदाबाची काळजी असलेल्या घराला तेवढेही पुष्कळ.