पीएचडी, प्रोजेक्ट करताय? संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर असं निवडा

वसई : वसई किल्ल्यावर प्रबंध लिहिताना १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरमधला उतारा घेतला, पण पान नंबर टिपलाच नाही, तर शेवटी पुन्हा सगळं शोधत बसावं लागतं. संदर्भ न देता घेतलेला मजकूर चोरी धरला जातो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधात ६० टक्क्यांहून जास्त साम्य आढळलं, तर विद्यार्थ्याची नोंदणी रद्द होते.

संदर्भांची नोंद ठेवणारी तीन सॉफ्टवेअर जास्त वापरली जातात.

झोटेरो : मोफत. अँड्रॉइड अ‍ॅप आहे. फाइल्ससाठी ऑनलाइन ३०० एमबी जागा मोफत मिळते.

मेंडेली : मोफत, २ जीबी जागा. मात्र मोबाइल अ‍ॅप २०२१ मध्ये बंद झालं.

एंडनोट : पूर्ण आवृत्तीला पैसे लागतात. आधी कॉलेजच्या लायब्ररीत चौकशी करा.

खिसा आणि मोबाइल पाहता सुरुवातीला झोटेरो बरं. फोनवर वाचन, टिपणं होतात. वर्डमध्ये संदर्भ टाकायला मात्र कॉम्प्युटर हवा. मराठी पुस्तकांची माहिती बरेचदा आपोआप येत नाही, ती हाताने भरावी लागते.

हे लक्षात ठेवा : संदर्भ कोणत्या पद्धतीने द्यायचे, ते गाईडना आधीच विचारा. आणि नोंदी पहिल्या पुस्तकापासूनच करा.