पेटीतला संगणक आणि आपला उन्हाळा

विषयाचे नाव ऐकून काही मंडळींना हसू आले असेल. वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मयावर बोलावे, लोकशाहीवर बोलावे. लाकडी पेटीत ठेवलेल्या संगणकावर काय बोलावयाचे? पण आमचा नित्याचा संबंध गवंडी, बिगारी, हमाल, मोलकरणी यांच्याशी, आणि त्यांचे बरेचसे नशीब आज अशाच एका पेटीत कुलूपबंद असते. बांधकाम कामगाराची नोंदणी, तिचे नूतनीकरण, नव्वद दिवस काम केल्याचा दाखला, मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, हे सारे संगणकावरून जाते. यंत्र बंद पडले की रांगेतल्या माणसाचा रोज बुडतो. तेव्हा हा विषय वाटतो तितका क्षुल्लक नाही.

नांदेड काय, लातूर काय, कोणत्याही सेवाकेंद्रात किंवा पतसंस्थेत डोकावून पाहा. टेबलाच्या एका अंगाला सनमायका लावलेली पेटी असते, तिला दार असते, दाराला कुलूप असते आणि आत संगणकाचा डबा असतो. असे करण्याला कारणेही सबळ आहेत. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ उन्हाळ्यात कोठे शिरत नाही? उंदीर तारा कुरतडतात. चोरीची भीती वेगळीच. म्हणून सुताराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला जे सांगितले ते त्याने चोख केले. मुंगी शिरणार नाही अशा फळ्या जुळविल्या. परंतु जेथून मुंगी आत जात नाही तेथून ऊबही बाहेर पडत नाही.

आता ही ऊब येते कोठून? पिठाच्या गिरणीची मोटर वीज घेते आणि जाते फिरविते. तेथेही शेवटी त्या विजेची उष्णताच होते, म्हणून तर दळणाचे पीठ हाताला गरम लागते. संगणक दळीत नाही, पाणी उपशीत नाही, ओझे उचलीत नाही. तो फक्त हिशेब करतो. त्यामुळे त्याने घेतलेली वीज जवळजवळ सगळीच जागच्या जागी उष्णता होते. कचेरीतला साधा संगणक काम करताना साठ ते शंभर वॅट घेतो. शंभर वॅटचा जुना पिवळा दिवा ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याची धग आठवत असेल. कोंबडीची पिले वाढविणारे लोक खोक्यात असाच दिवा लावतात, आणि तो उजेडासाठी नव्हे. आम्ही संगणकाला त्याच खोक्यात बसवितो आणि वर दार लावून घेतो.

थोडा हिशेब करू. साठ सेंटीमीटर लांब-रुंद व पाऊण मीटर उंच अशी अठरा मिलिमीटर प्लायवुडची पेटी धरा. तिची पाठ भिंतीला टेकलेली आणि बूड जमिनीवर. उघड्या राहिलेल्या बाजूंचे क्षेत्रफळ सुमारे १.७ चौरस मीटर भरते. आतबाहेर एका अंशाचा फरक असेल तर अशा फळीच्या एका चौरस मीटरमधून अदमासे अडीच वॅट उष्णता बाहेर जाते. म्हणजे साऱ्या पेटीतून सव्वाचार वॅट. शंभर वॅट बाहेर घालवावयाचे तर आतली हवा बाहेरच्यापेक्षा तेवीस अंशांनी तापावी लागते. पुण्यात किंवा महाबळेश्वरात हे कदाचित खपून जाईल. मे महिन्यात आपल्या पत्र्याखालच्या खोलीत चाळीस अंश असतात. चाळीस आणि तेवीस म्हणजे त्रेसष्ट झाले. ही केवळ हवा. त्या हवेने ज्याला गार करावयाचे ते यंत्राचे काळीज तिच्याहून आणखी तीस-चाळीस अंश वर असते.

संगणकात पंखा असतो ना, असे कोणी विचारील. असतो, पण पंखा गारवा निर्माण करीत नाही, हवा हलवितो. बंद पेटीत तो तीच तापलेली हवा पुनःपुन्हा यंत्रावर फेकतो. सध्याचे संगणक पंचाण्णव-शंभर अंशांच्या आसपास स्वतःहून काम मंद करतात, आणि त्यानेही भागले नाही तर जळू नये म्हणून बंद पडतात. हे यंत्राचे शहाणपण म्हणावे लागेल. बाहेरच्या माणसाला मात्र इतकेच दिसते की, पान उघडत नाही. मग "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या" हे वाक्य ऐकू येते. पुष्कळदा ते खरेही असते. पण रोज दुपारी दोन ते चार या वेळातच सर्व्हर झोपत असेल तर पेटीचे दार उघडून आत हात घालून पाहावा.

नांदेडच्या एका केंद्रात आम्ही तेच केले. मजूर अड्ड्यावरची दहा-बारा माणसे नूतनीकरणासाठी खोळंबली होती. तारेच्या टोकाचा साधा तापमापक खोलीत एकोणचाळीस दाखवीत होता. तोच पेटीत ठेवल्यावर अर्ध्या तासात साठावर गेला. केंद्रचालक भला माणूस, पण यंत्र बदलण्यासाठी कर्ज काढावयास निघाला होता. कर्जाची गरज नव्हती. सुताराचे दोन तासांचे काम होते.

जुन्या माळवदाच्या घरात चुलीचा धूर जावा म्हणून छताला भोक ठेवीत असत आणि हवा दारातून येत असे. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, तिची जागा खालून येणारी हवा घेते. पेटीलाही एवढेच हवे. खाली समोरून एक वाट, वर पाठीमागून दुसरी. नुसत्या चढत्या हवेवर भिस्त ठेवावयाची असेल तर शंभर वॅटसाठी प्रत्येक वाट निदान पावणेदोनशे चौरस सेंटीमीटर हवी, म्हणजे पोस्टकार्डाच्या जवळजवळ दीडपट. उंदरासाठी जाळी मारली तर दुप्पट धरावी. तारा जाण्यापुरते रुपयाएवढे भोक पाडून समाधान मानणारे लोक आहेत, त्याचा काही उपयोग नाही. वरच्या वाटेवर बारा सेंटीमीटरचा छोटा पंखा हवा बाहेर फेकणारा बसविला तर काम आणखी नेटके होते. हिशेब सोपा आहे. वॅटला तिनाने गुणावे, किती अंशांची वाढ चालेल त्याने भागावे, की ताशी किती घनमीटर हवा लागते ते निघते. शंभर वॅट आणि दहा अंश धरले तर तीस घनमीटर. तो लहानसा पंखा जाळीतूनही एवढे सहज करतो. पेटी भिंतीपासून वीतभर पुढे ओढावी, नाहीतर बाहेर पडलेली हवा तेथेच घुटमळते. त्या केंद्रात एवढे केल्यावर आतला पारा पंचेचाळीसवर आला.

लोडशेडिंगसाठी ठेवलेली यूपीएसची बॅटरी मात्र पेटीत नको. शिशाच्या बॅटरीचे आयुष्य पंचवीस अंश धरून सांगितलेले असते. त्यावर दर आठ-दहा अंशांना ते सुमारे निम्मे होते. वर्षाच्या आत बॅटरी गेली म्हणून दुकानदाराशी भांडणारे किती तरी लोक आम्हांस ठाऊक आहेत.

हा प्रश्न संगणकाच्या जन्मापासूनचा आहे. अमेरिकेत १९४६ साली जगापुढे आलेल्या एनियाक यंत्रात सुमारे अठरा हजार निर्वात नळ्या होत्या आणि ते दीडशे किलोवॅट वीज घेई. हवा खेळविण्याची मोठी व्यवस्था केल्यावाचून ते चालणेच शक्य नव्हते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये सुरू झालेला टिफ्रॅकही नळ्यांचाच होता. यंत्रे लहान झाली तशी त्यांच्या उष्णतेची आठवण माणसांना राहिली नाही.

कूलर लावला की झाले, असेही म्हणतात. कोरड्या मे महिन्यात कूलर खोली खरोखर गार करतो, आणि पेटीतली हवा खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही, तेव्हा खोली गार करणे योग्यच. पण त्याचा झोत थेट पेटीत सोडू नये. तुषारांबरोबर आपल्या जड पाण्यातले क्षारही आत जातात. कापड गिरणीत सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवीत, हे उस्मानशाही गिरणीच्या गावाला सांगावयास नको. संगणक सूत कातीत नाही. शिवाय कूलरला पाणी लागते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले त्या लातूरकरांना हे अधिक सांगणे नको. त्यापेक्षा पत्र्याला वरून चुना मारावा, हे स्वस्त पडते.

आणि खोलीत यंत्राजवळ एक माणूसही बसलेला असतो. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तेराव्या कलमात कामाच्या जागी ताजी हवा खेळती असावी, उष्णतेने कामगारास इजा होऊ नये, असे लिहिले होते. ते कारखान्यापुरते होते. केंद्रावर दहा तास बसणाऱ्या पोराला त्याचा आधार कधी मिळाला नाही. आम्ही पेटीला भोके पाडावयास सांगतो तेव्हा त्याच दमात खिडकीची गोष्टही काढतो.

राहिली धूळ. खालच्या वाटेला जाळीबरोबर विरळ कापड लावावे आणि पेटीला चार बोटे उंच पाय द्यावेत, म्हणजे झाडूची धूळ थेट आत ओढली जात नाही. कापड आठवड्यातून एकदा धुवावे. भरलेले कापड बंद दारासारखेच. हे काम कोणाचे ते आधी ठरवून घ्यावे, कारण न ठरविल्यास ते कोणीच करीत नाही. त्या केंद्रात शनिवारी संध्याकाळी कुलूप लावण्यापूर्वी चालकाचा भाऊ कापड धुऊन दोरीवर टाकतो आणि सोमवारी सकाळी परत लावतो.