शीड घरच्या मशीनवर

“परकर शिवता येतो, मग शीड का नाही?” असं भावजींना सांगून बसले आणि खाडीत पहिल्याच वाऱ्याला त्यांच्या होडीच्या शिडाची शिवण उसवली! चूक माझीच. सरळ टीप घातली होती. मैत्रिणींनो, टीप नागमोडीच हवी. कापड ताणलं तरी दोरा तुटत नाही. दोराही पॉलिएस्टरचा, सुती ओलसर राहून कुजतो. हलकं रिपस्टॉप नायलॉन भारी निसरडं, शिवाय टाचण्यांची भोकं राहतात. दोन्हीकडून चिकटणारी पट्टी लावून मग शिवावं. मागची मोकळी कड उरेब नको, ताणून फडफडते. कोपऱ्यांना तीन-चार पदरी ठिगळं. डोलकाठीकडची कड मात्र किंचित बाहेर फुगवून कापायची, त्यानेच शिडाला पोट येतं. दुसरं शीड टिकलंय. भावजी अजून शिवण ओढून बघूनच होडी सोडतात!