धडधड आणि धास्ती
भामरागडच्या जंगलातल्या हेमलकशाला १९७३मध्ये आदिवासींवर उपचार करणारा लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा तिथले माडिया आदिवासी रुग्ण डॉक्टरांआधी पुजाऱ्याकडे जात. चिंताविकाराचा शहरी रुग्णही थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे कुठे जातो? छाती धडधडते, श्वास अपुरा पडतो, म्हणून तो ईसीजी काढत फिरतो. (एकदा काढावाच, थायरॉइडही तपासावं.) अहवाल चांगला आला की घरचे म्हणतात, ‘तुला काही झालेलं नाही.’ झालेलं असतं! सहा-सहा महिने काळजी सुटत नसेल, झोप आणि काम बिघडत असेल, तर तो आजारच. टाळलेल्या गोष्टींना टप्प्याटप्प्याने सामोरं जायला शिकवणारे वर्तनोपचार आणि गोळ्या, दोन्हींनी गुण येतो. गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. त्या परस्पर बंद करू नका. भामरागडच्या जंगलातही रेंज मिळाली, तर ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येतं.